आफ्रिकेचं झाड, हिंदुस्थानचा खजूर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेरूळला माणूस जातो तो कैलास लेणं बघायला, घृष्णेश्वराच्या दर्शनाला. झाडं बघायला तिथे कोणी जात नाही. पण मला आज वेरूळच्या निमित्ताने एका झाडाविषयीच बोलायचं आहे. ते वेरूळचंच खास झाड आहे, असं नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाच्या शिवेवर, शेताच्या बांधावर, देवळामागे ते उभं असतं. इतकं नेहमीचं, की त्याच्याकडे मुद्दाम कोणी मान वर करून बघत नाही. मुलं तेवढी बघतात, तीही हातात दगड घेऊन. हे झाड म्हणजे चिंच.

मग वेरूळचं नाव कशाला? सांगतो. वेरूळहून घाट चढून खुलताबादला गेलं, की चार-पाच किलोमीटरच्या अंतरात इतिहासाचे दोन टोकाचे धागे हाताला लागतात. वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांचं गाव. गावची पाटीलकी भोसल्यांकडे होती, शहाजीराजांच्या गढीचे अवशेष तिथे आहेत आणि घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी मालोजींचं नाव जोडलेलं आहे. आज आपण पाहतो ते देऊळ नंतरचं, होळकरांच्या घराण्याने बांधलेलं. आणि वर खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. अ‍ॅबिसिनियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि अखेर निजामशाहीचा कर्ताधर्ता होऊन १६२६ साली मेलेला हा माणूस दख्खनच्या मातीत कायमचा राहिला. चिंचेची कहाणीही काहीशी याच वळणाची आहे. चिंच आफ्रिकेची.

हे ऐकून पुष्कळांना राग येतो. आमच्या आमटीतली चिंच आणि ती परकी? पण बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांचं मत असंच आहे, की या झाडाचं मूळ घर उष्णकटिबंधातली आफ्रिका. तिथल्या माळरानांवर चिंच आजही रानटी अवस्थेत वाढते. मात्र ती आपल्याकडे आली केव्हा, हे विचाराल तर उत्तर इतकं मागे जातं, की परकेपणाचा मुद्दाच फिका पडतो. उत्तर प्रदेशात गोरखपूरकडे नरहन नावाचं उत्खननाचं ठिकाण आहे. तिथल्या जुन्या थरांत सापडलेल्या कोळशात चिंचेचं लाकूड ओळखू आलं, आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १३०० असा ठरला. म्हणजे कैलास लेण्यावर पहिली छिन्नी पडण्याच्या दोन हजार वर्षं आधी या देशात कोणाच्या तरी चुलीत चिंचेचं सरपण जळत होतं.

झाडांचा इतिहास असाच सापडतो. ताम्रपटात राजाची वंशावळ मिळते, झाडाची मिळत नाही. ती राखेत, चुलीत, भिंतीच्या गिलाव्यात शोधावी लागते. वेरूळच्याच लेण्यांतल्या गिलाव्याचे नमुने डॉ. राजदेव सिंह आणि डॉ. मिलिंद सरदेसाई यांनी तपासले, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिळाले. २०१६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दीड हजार वर्षं तो गिलावा टिकवून धरण्यात त्या तंतूंचा वाटा असावा, असं त्यांनी मांडलं. लेण्यांवर आजवर किती लिहिलं गेलं, पण गिलाव्यात कालवलेल्या झाडपाल्याकडे लक्ष जायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आफ्रिकेतून चिंच एकटी आली नाही. आपली ज्वारी आफ्रिकेची, बाजरी आफ्रिकेची, नाचणी आफ्रिकेची, चवळीसुद्धा तिकडचीच. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीपासून ही धान्यं समुद्र ओलांडून इकडे येत गेली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची भाकरी आणि तिच्यासोबतचं चिंचेचं सार, दोन्ही मुळात त्या एकाच खंडातली. आणि तिखटासाठी जी मिरची आपण सढळ हाताने टाकतो, ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आली, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. उलट मिरची येण्याआधी शेकडो वर्षं इथल्या जेवणाला चव होती, ती मिरी, आलं आणि या आंबटपणाची.

आता नावाची गंमत बघा. अरबी व्यापाऱ्यांनी हे फळ हिंदुस्थानच्या बंदरांतून नेलं. गर काळा, चिकट, आत बिया. त्यांना ओळखीचा होता खजूर. म्हणून त्यांनी नाव ठेवलं तमर हिंदी, हिंदुस्थानचा खजूर. याच नावाचा अपभ्रंश युरोपभर टॅमरिंड म्हणून पसरला. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली झाडाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यातही इंडिका हा शब्द घातला. आफ्रिकेच्या झाडावर असा दोनदा हिंदुस्थानचा शिक्का बसला. मालक कोण हे जन्मावरून ठरवायचं की सांभाळ कोणी केला त्यावरून, हा वाद नावांनी आपल्या परीने मिटवूनच टाकला आहे.

आपल्याकडची नावं त्याहून बोलकी. संस्कृतात अम्लिका, त्यावरून हिंदीत इमली. पण मराठीने तो शब्द घेतला नाही. संस्कृत कोशांत चिञ्चा असाही शब्द आहे, आपली चिंच तिथली. आणि तेलुगूत चिंचेला म्हणतात चिंत. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, पण हे नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. चिंचेच्या कोवळ्या पालवीला आपण चिगूर म्हणतो, तेलुगूत चिगुरु म्हणजे पालवी, आणि हैदराबादेत या पालवीत मटण शिजवून चिगुर गोश्त करतात. सरहद्दी माणसांनी आखल्या. चिगुराने त्या कधी मानल्या नाहीत.

चिंच या शब्दाशी मराठी माणूस इतका रुळला, की पुढे जे जे चिंचेसारखं दिसलं त्याला त्याने चिंचच म्हटलं. विलायती चिंच घ्या. ते झाड मेक्सिकोकडचं, फिलिपिन्समार्गे आलेलं. गोरखचिंच घ्या, तो जाड बुंध्याचा आफ्रिकी वृक्ष. त्याचं चिंचेशी कूळही जुळत नाही, पण फळातला गर आंबट म्हणून तोही चिंचेच्या गोतात आला.

निजामशाहीचा उल्लेख मघाशी केला. त्या दरबाराशी चिंचेचा एक लेखी धागा आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणं-येणं, औषधपाणी होतं. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या संवादरूपी ग्रंथात हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींची माहिती दिली. त्यात चिंचेवर एक स्वतंत्र संवाद आहे. अरबी नावाची फोड त्यात आहे आणि सौम्य रेचक म्हणून चिंचेचा उपयोगही आहे. त्याच्याही अडीचशे-पावणेतीनशे वर्षं आधी मार्को पोलोने चिंचेविषयी एक भयंकर हकिकत लिहून ठेवली. गुजरातच्या किनाऱ्यावरचे चाचे व्यापाऱ्यांना पकडत आणि त्यांना समुद्राच्या पाण्यातून चिंच पाजत. कशासाठी? तर त्यांनी गिळलेली मोती-माणकं बाहेर पडावीत म्हणून. वैद्य आणि चाचे, दोघांनाही चिंचेचा एकच गुण ठाऊक होता.

मलिक अंबर यानंतरचा. जन्म १५४८ च्या सुमारासचा, मूळ नाव चापू. मोखा, बगदाद अशा बाजारांतून विकला जात तो दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. पुढे त्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, १६१० मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. त्याने नहरींनी शहराला पाणी आणलं, जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. मलिकंबरी धारा हे नाव दख्खनच्या शेतकऱ्याने पुढे कित्येक पिढ्या लक्षात ठेवलं. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला, तेव्हा वेरूळच्या मालोजींचे दोन्ही मुलगे, शहाजी आणि शरीफजी, त्याच्या बाजूने लढत होते. शरीफजी तिथेच पडले. खालचं वेरूळ आणि वरचं खुलताबाद हे त्या दिवशी एका रांगेत उभे होते.

अंबरने चिंचा लावल्या, असं मी म्हणत नाही. तसा कागद माझ्या पाहण्यात नाही. पण बगदादच्या बाजारात ज्याने हिंदुस्थानचा खजूर हे नाव ऐकलं असेल, त्याला दख्खनमध्ये पोचल्यावर ते झाड आपल्या मुलखातल्यासारखंच दिसलं असेल, एवढी कल्पना करायला हरकत नसावी.

मराठ्यांच्या राज्यकारभारात मात्र चिंच नावानिशी सापडते. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडांची व्यवस्था सांगताना कोणती झाडं लावावीत, जतन करावीत हे दिलं आहे. त्यात आंबा, फणस, वड, पिंपळ यांच्या पंगतीत चिंचही आहे. कारण व्यवहारी आहे, वेळप्रसंगी लाकूड उपयोगी पडावं. चिंचेचं लाकूड कठीण. घाण्याची लाट, मुसळ, उखळ, खाटकाचा ठोकळा यांसाठी त्याला तोड नाही, आणि त्याचा कोळसा बंदुकीच्या दारूसाठी चांगला मानत. आरमारासाठी झाडं तोडताना मात्र आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही त्याच ग्रंथात आहे. इनामाच्या सनदा बघितल्या तर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण असा ठराविक मजकूर येतो. जमीन देताना तिच्यावरचं झाडही शब्दांत मोजून द्यावं लागे.

ही मोजदाद खेड्यात अजून चालते. भावाभावांच्या वाटण्या होतात, शेत वेगळं होतं, आणि बांधावरची चिंच सामाईक राहते. फळ झोडपायच्या दिवशी एकमेकांशी न बोलणारे भाऊ एका झाडाखाली येतात. पुष्कळदा व्यापारी अख्खं झाडच ठरवून घेतो, फूल बघून नाही तर बोटुकं धरल्यावर. पुढे वारा-वादळ झालं तर त्याचं नशीब. सरकारी रस्त्याकडेच्या झाडांचे लिलाव होतात.

गावांची नावं तर विचारूच नका. कन्नड तालुक्यात चिंचोली लिंबाजी आहे, पुण्याजवळ चिंचवड, मुंबईत चिंचपोकळी आणि चिंचबंदर. चिंचोली, चिंचणी, चिंचखेड अशी गावं महाराष्ट्रात किती आहेत हे टपाल खात्यालाच माहीत. चिंचेखाली गाव बसलं खरं, पण चिंचेखाली निजू नये अशी ताकीदही त्याच गावाने दिली. भूत बसतं म्हणायचं. रात्री पानं मिटतात, खाली गवत धड वाढत नाही, दव आंबट असतं, अशा निरीक्षणांतून ते भूत जन्मलं असावं. चिंचेखाली तंबू ठोकला तर कापड कुजतं, असा समज लष्करी लोकांतही होता.

आतापर्यंत मी गराचं आणि झाडाचं बोललो. पण या झाडाचा खरा कामसू भाग म्हणजे चिंचोका. लेखी इतिहासात त्याला जागा नाही, कारण तो गरिबाच्या हातात राहिला.

शेंगा येणाऱ्या झाडांच्या बियांचा मसाला करायची रीत जगात आहे. पश्चिम आफ्रिकेत पार्किया कुळातल्या एका झाडाच्या बिया उकडून, आंबवून, वास मारणाऱ्या काळ्या वड्या करतात आणि त्या रश्शात टाकतात. तिथल्या स्वयंपाकाचा तो प्राण आहे. त्याच कुळातलं एक झाड आपल्याकडे शोभेसाठी लावतात. लोंबत्या दांड्यांना गोल चेंडू आल्यासारखी फुलं असतात म्हणून त्याला चेंडूफळ म्हणतात. मणिपूरमध्ये या गोतातल्या शेंगा आवडीने खातात. आपण चिंचेच्या बाबतीत उलट केलं, गराचा मसाला केला आणि बी बाजूला काढली. पण टाकली नाही.

चिंचोका भाजायचा, वरचं तपकिरी टरफल काढायचं, आत पांढरा, दगडासारखा टणक दाणा. टरफल तुरट, ते राहिलं तर पोट धरतं. दाण्यात प्रथिनं शंभरात पंधरा ते वीस भाग, म्हणजे डाळीच्या जवळपास. दुष्काळात लोकांनी चिंचोके भाजून, भरडून, पिठात मिसळून खाल्ले, त्याला कारण आहे. चिंचेचं झाड पाऊस कमी पडला म्हणून मरत नाही. ज्वारी करपली तरी बांधावर ते हिरवं असतं. मराठवाड्यासारख्या मुलखात याचा अर्थ काय होतो, हे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना सांगायला नको. चांगल्या दिवसांत तोच चिंचोका पोरांच्या खिशात असे. भाजलेला, गालात धरून तासभर चघळायचा. मुली तो दगडावर घासून दोन भाग करत, एक बाजू पांढरी, एक तपकिरी, आणि पटावर फाशांऐवजी टाकत. एकी-बेकीला मूठभर पुरे. आमच्या पिढीचं अंकगणित पाटीवर कमी आणि चिंचोक्यांवर जास्त पक्कं झालं असावं.

मोठ्यांच्या कामात चिंचोका म्हणजे खळ. घोंगडी विणणारे धनगर आणि सनगर बांधव चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून खळ करतात आणि कुंच्याने ती ताण्याला देतात. लोकरीचा धागा मऊ, त्याचे तंतू सुटतात. खळ बसली की तो ताठ होतो, मागावर तुटत नाही. पावसात घोंगडी पांघरून मेंढ्यांमागे जाणारा मेंढपाळ अंगावर लोकर आणि चिंच दोन्ही घेऊन चाललेला असतो. सावंतवाडीचे गंजिफांचे पत्ते पाहिले आहेत? त्यांच्या पाठीला घट्टपणा येतो तो चिंचोक्याच्या लेपाने.

गरिबाची ही विद्या कारखान्यात पोचली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. कापडाच्या गिरण्यांना खळीसाठी स्टार्च मिळेना, तेव्हा चिंचोक्याच्या पिठाकडे लक्ष गेलं. १९४२ साली घोष आणि कृष्ण या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी सोललेल्या चिंचोक्यात जवळजवळ निम्मा भाग जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ असतो, हे जाहीर केलं. मुंबईच्या पेक्टिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतले डॉ. सावूर यांनी तो शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जाम-जेलीत फळांतल्या पेक्टिनपेक्षा तो सरस ठरला. आज हाच पदार्थ खाद्यपदार्थ घट्ट करण्यासाठी, कापड छपाईच्या रंगांसाठी आणि कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांसाठीही वापरतात. सनगराच्या मडक्यातली खळ आणि औषधाच्या दुकानातली बाटली यांचा आजा एकच.

बार्शी, नगर, लातूर या बाजारपेठांत चिंचेचा मोसम म्हणजे फेब्रुवारीपासूनचे तीन महिने. पण बाजारात पोचण्याआधी चिंच फोडावी लागते. झोडपलेल्या शेंगांचं टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, गर चिरून एकेक चिंचोका बाहेर काढायचा. हे काम बायका करतात. सकाळी घरचं आवरून दारात, पडवीत, झाडाच्या सावलीत गोल करून बसतात. मजुरी किलोवर. बोटं आंबटाने फाटतात, नखांखाली काळं जातं ते मोसम संपेपर्यंत निघत नाही. शेतीची कामं नसतात त्या कोरड्या महिन्यांत घरात येणारा हा रोकडा पैसा असतो. आणि हा पैसा बाईच्या हातात येतो, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

असं असूनही नवी चिंच कोणी लावत नाही. बी पेरून वाढवलेलं झाड फळायला आठ-दहा वर्षं घेतं, आजोबाने लावायचं आणि नातवाने खायचं. ट्रॅक्टरला बांध आडवा येतो म्हणून बांधच राहत नाहीत, तर बांधावरचं झाड कुठून राहणार? रस्ते रुंद होतात तेव्हा पहिली कुऱ्हाड कडेच्या जुन्या झाडांवर पडते. एका चिंचेच्या जागी किती रोपं लावणार, ते आकड्यात सांगितलं जातं. ती रोपं बहुधा गुलमोहराची नाहीतर कुठल्याशा लवकर वाढणाऱ्या झाडाची असतात.

वेरूळपासून तीसेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर शहरात, हिमायतबाग नावाची मोगलकालीन बाग आहे. तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. या केंद्राने जुन्या झाडांतून निवड करून चिंचेची प्रतिष्ठान ही जात दिली, २६३ क्रमांकाची दिली, शिवाई दिली. पैठणचं जुनं नाव एका आफ्रिकी झाडाच्या जातीला लाभलं. यांची कलमं चार-पाच वर्षांत फळावर येतात, शेंग मोठी, गर जास्त. ज्यांना आजोबा होईपर्यंत थांबवत नाही त्यांच्यासाठी हा उपाय आहे. काही शेतकऱ्यांनी मुरमाड, पाणी नसलेल्या जमिनीत अशा कलमांच्या बागा उभ्या केल्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला कलम न्यायचं, दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्यायचा, पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून राखायचं. पुढचं झाड बघून घेतं.